बोर्ड जळालाय, कंप्युटर बदललाय – जुन्यावरचं विंडोज नव्यावर चालतं का?

गोदाकाठ_माजलगाव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

माजलगाव तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, आणि सोबत थोडं डीटीपी: लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रिया विधीच्या पत्रिका. मागच्या आठवड्यात संध्याकाळी अवकाळी आला. वीज गेली, आली, परत गेली, आणि तिसऱ्यांदा आली ती अशी आली की बल्ब पांढराफेक झाला. कंप्युटरमधून जळका वास. मी पळत जाऊन वायर उपटली, पण उशीर झाला होता. डबा उघडून पाहिलं तर मदरबोर्डवर यूएसबीच्या खोबणीमागं नखाएवढा काळा डाग. नशिबानं हार्ड डिस्क वाचली.

हा कंप्युटर ब्रँडेड, २०१९ ला नवा घेतलेला. विंडोज टेन होम त्यातच आलं होतं, बिलावर तसं लिहिलंय. काम थांबवता येत नाही म्हणून संभाजीनगरहून एक वापरलेला छोटा डेस्कटॉप आणला. कुठल्यातरी कंपनीच्या ऑफिसातून लॉटमध्ये निघालेला. आय फाइव्ह, आठवी पिढी, ८ जीबी रॅम. त्यातली डिस्क काढून माझी जुनी हार्ड डिस्क लावली. पाच-सात मिनिटं घेतली, पण चालू झाला. माझ्या सगळ्या फाइली, पत्रिकांचे साचे, जागच्या जागी. डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

मग खाली उजव्या कोपऱ्यात ती फिकट अक्षरं आली: विंडोज ॲक्टिव्हेट करा.

आता माझं म्हणणं असं. विंडोजचे पैसे मी २०१९ लाच दिलेत. जुना कंप्युटर तर मेलाच आहे, म्हणजे दोन ठिकाणी वापरण्याचा प्रश्नच नाही. मग हे का चालू नये? इथल्या एका दुरुस्तीवाल्यानं पाचशे रुपयांत "लाइफटाइम करून देतो" म्हणून सांगितलंय, फक्त अँटिव्हायरस कायमचा बंद ठेवावा लागेल म्हणाला. त्या शेवटच्या वाक्यानं माझं मन धजेना. माझ्याकडं लोकांचे आधार, बँक पासबुकं, जमिनीची कागदं असतात.

जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची रांग लागते, त्यामागून पीक विमा. त्याच्या आत हे निस्तरायचंय. जाणत्यांनी मार्ग सांगावा.


मांजरापट्टा_लातूर

भाऊ, मी अठरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं बैजवार सांगतो. आधी वाईट बातमी. ती हार्ड डिस्क तुमची, त्यावरच्या फाइली तुमच्या, पण त्यातलं विंडोजचं लायसन्स डिस्कवर राहत नाही. ते जळालेल्या बोर्डावर होतं.

विंडोज एट आलं २०१२ ला. तेव्हापासून ब्रँडेड कंप्युटर-लॅपटॉपमध्ये पंचवीस अक्षरांची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, कारखान्यातच बोर्डाच्या बायोसमध्ये (बोर्डावरच्या कायमच्या चिपमध्ये) लिहून येते. त्याआधी, सेव्हन आणि एक्सपीच्या काळात, डब्यावर रंगीत स्टिकर असायचा आणि त्यावर की छापलेली असायची. आता बहुतेक मशीनवर तो नसतो म्हणून लोकांना वाटतं की आपल्याकडं लायसन्सच नाही. असतं, पण दिसत नाही. अशा कारखान्यातून आलेल्या लायसन्सला ओईएम म्हणतात. त्याचा नियम सरळ आहे: ज्या मशीनसोबत आलं त्याच मशीनवर, ते मशीन असेपर्यंत. त्याच मशीनला शंभर वेळा फॉरमॅट मारा, डिस्क बदला, रॅम वाढवा, काही फरक पडत नाही. इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. मशीन विकलं तर लायसन्सही त्याच्यासोबत नव्या मालकाकडं जातं. पण एका मशीनवरचं काढून दुसऱ्यावर लावता येत नाही, पहिलं मोडीत गेलं तरी नाही.

दुसरं असतं रिटेल, म्हणजे डब्यात किंवा ऑनलाइन वेगळं विकत घेतलेलं. ते दुसऱ्या मशीनवर नेता येतं, फक्त जुन्यावरून काढून टाकायचं. एका वेळी एकच मशीन.

तिसरं व्हॉल्यूम, कंपन्या-कॉलेजांसाठीचं. त्याचं पुढं बोलू.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही आणलेलं मशीन कंपनीच्या लॉटमधलं आहे ना? तर त्याच्या स्वतःच्या बोर्डात की असण्याची शक्यता फार आहे. आधी ते पाहा. स्टार्टमध्ये पॉवरशेल, म्हणजे विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि बायोसमधली की विचारणारी आज्ञा चालवा, मी तुम्हाला निरोपातून अख्खी पाठवतो. आणि ती निघालेली की इथे सगळ्यांसमोर टाकू नका, शेवटची पाच अक्षरं पुरेत.

आणखी एक विचारतो: त्या मशीनमधली मूळ डिस्क ठेवलीय का? त्यावर विंडोजचा कुठला प्रकार होता?


दुधनाकाठचा

मांजरापट्टा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हा नियमच मला पटत नाही. मी शेतकरी माणूस. विहिरीवर पाच एचपीची मोटार बसवली. विहीर आटली. मी मोटार उचलून बोअरवर नेली. कुणी मला विचारतं का, की ही मोटार त्या विहिरीसाठी विकली होती? पैसे दिले म्हणजे वस्तू माझी. गोदाकाठ भाऊंचा बोर्ड त्यांनी हातानं फोडला नाही, वीज मंडळाच्या झटक्यानं गेला. त्यांचे पैसे कामून बुडावेत?


मांजरापट्टा_लातूर

दुधनाकाठ दादा, राग समजतो. पण मोटार हा दाखला रिटेलला लागू पडतो. ओईएम म्हणजे मोटार नव्हे, ते कृषिपंपाचं वीज कनेक्शन आहे. ते तुमच्या नावावर, पैसे तुम्ही भरलेले, तरी गट नंबरला बांधलेलं असतं. वावर विकलं तर त्याचा विचार वावरासोबत होतो. तुम्ही खांबावरची वायर गुंडाळून शेजारच्या गटात नेऊ शकत नाही. कारखानदाराला ही प्रत स्वस्तात मिळते ती याच अटीवर. रिटेलचा डबा महाग पडतो तो नेता येतो म्हणून.

मात्र बोर्डाचा मुद्दा तुम्ही बरोबर काढलात, आणि त्यात गोदाकाठ भाऊंच्या फायद्याचं आहे. बोर्ड हौसेनं बदलला, जास्त ताकदीचा घातला, तर ते नवीन मशीन धरलं जातं आणि लायसन्स संपतं. पण बोर्ड बिघडला म्हणून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा किंवा कंपनी ज्याला बरोबरीचा म्हणते असा बोर्ड बसवला, तर लायसन्स कायम राहतं. अधिकृत सेंटरवाले नव्या बोर्डात की लिहून देतात. म्हणून तो जळालेला डबा भंगारात देऊ नका भाऊ. बिल आणि डबा दोन्ही जपून ठेवा.


गोदाकाठ_माजलगाव

आज्ञा चालवली. काळ्या-निळ्या खिडकीत एक ओळ आली, पाच-पाच अक्षरांचे पाच गठ्ठे. मी तो बोर्ड नुकताच आणलाय आणि ही की त्याच्या पोटात इतकी वर्षं होती. कुणालाच ठाऊक नव्हतं, मला विकणाऱ्यालाही नसावं, नाहीतर त्यानं सांगून दोन पैसे जास्त घेतले असते.

मूळ डिस्क ठेवलीय. लावून पाहिली तर विंडोज टेन एंटरप्राइज दिसतं, आणि तेही ॲक्टिव्हेट नाही म्हणतंय. हे काय गौडबंगाल? की आहे तर ॲक्टिव्हेट का नाही?


मांजरापट्टा_लातूर

गौडबंगाल नाही, नेहमीचं आहे. विंडोजचे प्रकार असतात: होम घरगुती, प्रो कामधंद्यासाठी, एंटरप्राइज मोठ्या कंपन्यांसाठी. मोठ्या कंपन्या मशीन घेतात ती प्रो घालून. बोर्डात प्रोची की. मग त्यावर आपल्या व्हॉल्यूम करारातलं एंटरप्राइज चढवतात. मशीन विकताना प्रोचं लायसन्स मशीनसोबत जातं, पण एंटरप्राइज जात नाही, तो करार त्या कंपनीचा. कंपनीच्या सर्व्हरपासून तुटलं की काही महिन्यांत ते आपोआप उघडं पडतं. केएमएस पद्धतीत, म्हणजे कंपनीचा स्वतःचा सर्व्हर मशीन ॲक्टिव्हेट करतो त्यात, ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, मधेमधे सर्व्हरला हजेरी लावावी लागते. कंपनीत निदान २५ मशीन असल्याशिवाय तो सर्व्हर विंडोजला ॲक्टिव्हेटच करत नाही. तुमच्या घरी कुठून आला सर्व्हर.

आणि इथंच सगळी मेख आहे. की प्रोची, चढवलंय एंटरप्राइज. किंवा तुमच्या जुन्या डिस्कवर आहे होम. दोन्ही जुळत नाहीत. प्रकार जुळला पाहिजे. प्रो नव्यानं टाका. पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या साधनानं बनवा, दुकानातला मागून आणू नका. सेटअप बोर्डातली की स्वतः वाचतो, बहुतेक वेळा विचारतही नाही.

टाकायचंच आहे तर थेट इलेव्हन प्रो टाका. टेनची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आठवी पिढी इलेव्हनला चालते, टीपीएम (इलेव्हनला लागणारी बोर्डावरची सुरक्षेची सोय) बायोसमध्ये चालू आहे का तेवढं बघा. बोर्डातली टेन प्रोची की इलेव्हन प्रोला चालते, वेगळे पैसे नाहीत.


गंगाखेडकर_ताई

गोदाकाठ भाऊ, पाचशे रुपयांचं "लाइफटाइम" घेतलं नाहीत, फार बरं केलंत. मी घेतलं होतं. कुणाचं नाव घेत नाही, माणूस गावातलाच आहे आणि त्यालाही कळत नव्हतं तो काय करतोय.

माझं डीटीपी आणि हिशेबाचं काम आहे. लॅपटॉप फॉरमॅट मारायला दिला, परत आणला तेव्हा सगळं चकाचक. त्यानं सांगितलं, ताई, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) चालू करू नका, नाहीतर ॲक्टिव्हेशन उडेल. मी ऐकलं. साधारण तीन आठवड्यांनी सकाळी चालू केला तर डेस्कटॉपवरच्या प्रत्येक फाइलच्या नावापुढं चार विचित्र अक्षरं. लग्नपत्रिकेची फाइल उघडायला गेले, उघडेना. एका नोटपॅडमध्ये इंग्रजीत पैशांची मागणी. दिवाळीच्या आधीचे दिवस, अकरा व्यापाऱ्यांचे हिशेब त्यात. त्यातल्या सात जणांचे बॅकअप पेनड्राइव्हवर सापडले. उरलेल्या चौघांच्या दुकानात जाऊन मी बिलांच्या पिशव्या आणल्या आणि पंधरा दिवस रात्री बसून परत नोंदी केल्या. एका म्हाताऱ्या किराणावाल्यानं स्वतःहून पिशवी घरी आणून दिली, वर म्हणाले, लेकी, घाई करू नको. ते अजून आठवतं.

नंतर कळलं की त्या लॅपटॉपच्या बोर्डात होमची की पहिल्यापासून होती. त्यानं त्याच्या सवयीचा प्रोचा पेनड्राइव्ह लावला, प्रकार जुळला नाही, म्हणून त्याला क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवणारा चोरीचा प्रोग्रॅम, लावावा लागला. म्हणजे माझ्याकडं विकतचं होतं आणि मी चोरीचं वापरत होते.

आणखी एक, हिशेबवाल्यांसाठी. कंप्युटर बदलताना विंडोजचंच लायसन्स बघून चालत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स फॉरमॅट मारायच्या आधी जुन्या मशीनवरून सरेंडर करायचं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं. विसरलात किंवा मशीन अचानक मेलं तर रीसेट करता येतं, पण खात्याचा ईमेल आणि पासवर्ड हाताशी लागतो. माझा ईमेल जुन्या भाच्याच्या नावावर होता. तो पुण्यात, फोन लागेना. एक अख्खा दिवस गेला.

श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं मात्र सोपं. त्याचं कुलूप यूएसबीच्या डोंगलमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या छोट्या किल्लीत. डोंगल ज्या मशीनला लावाल तिथं ते चालणार, एका वेळी एकच. पण डोंगल हरवला तर संपलं. माझा मी लाल दोऱ्यानं देव्हाऱ्याच्या कप्प्यात बांधून ठेवते.


किनवट_गुरुजी

या धाग्यामुळं मला घाम फुटलाय. आमच्या शाळेत देणगीतून दहा जुने कंप्युटर आले. दोन वर्षांपूर्वी एकावर विंडोज व्यवस्थित टाकून घेतलं आणि त्याच डिस्कची नक्कल उरलेल्या नऊंवर उतरवली. मुलं शिकतायत, प्रिंटर चालतोय. आज बघतो तर दहाही मशीनवर एकच की. मी चूक केलीय का? शाळेचं काम आहे, नफा नाही.


मांजरापट्टा_लातूर

गुरुजी, हेतू चांगला होता, पण की एकाची आणि मशीन दहा, हे बसत नाही. शाळा असली तरी नाही. शाळांसाठी वेगळे स्वस्त करार असतात, पण ते करार घ्यावे लागतात.

घाबरू नका, आधी मोजा. दहाही मशीनवर बोर्डातली की आहे का पाहा. सेव्हनच्या काळातली असतील तर स्टिकर बघा. तेव्हाच्या किया आता टेन-इलेव्हनला नव्यानं चालत नाहीत. फुकट अपग्रेडची मुदत २९ जुलै २०१६ ला संपली होती, तरी पुढं सात वर्षं त्या चालत राहिल्या, २०२३ मध्ये ती वाट बंद केली. ज्या मशीनची स्वतःची की निघेल त्यावर तिचंच विंडोज टाका. बाकीच्यांवर लिनक्स टाका, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. मिंट घ्या किंवा उबुंटू. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे, त्यात मराठी आहे. त्यांच्या लायसन्समध्ये मशीनची संख्याच नसते. एक पेनड्राइव्ह, दहा मशीन, शेजारच्या शाळेला दिला तरी चालतं, तेच अपेक्षित आहे. पाचवी-सहावीच्या पोरांना लिहायला, चित्र काढायला, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप करायला ते भरपूर झालं. पत्रं-तक्ते करायचं लिबरऑफिस त्यात सोबतच येतं.

एक खबरदारी. सेवा केंद्रवाल्यांनी माझं ऐकून उद्या लिनक्स टाकू नका. बोटाच्या ठशाच्या यंत्राचे ड्रायव्हर आणि काही सरकारी सह्यांची साधनं विंडोजवरच सुरळीत चालतात. गुरुजींच्या लॅबला ते लागत नाही.


अंबडकर_वकील

कायद्याचं विचारलं नाहीये, पण गुरुजींची काळजी वाचून लिहितो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ बी. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कंप्युटरवर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. व्यापारासाठी किंवा नफ्यासाठी वापर नव्हता हे कोर्टाला पटलं तर कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडता येतं. यातला "माहीत असून" हा शब्द महत्त्वाचा. गुरुजी, आज तुम्हाला माहीत झालंय, तर आता दुरुस्त करा आणि काय केलं त्याची नोंद शाळेच्या दप्तरी ठेवा.

आणि उलट बाजूही सांगतो. त्याच कायद्यात कलम ५२ आहे. कायदेशीर प्रत असणाऱ्यानं नुकसानीपासून बचाव म्हणून सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत करून ठेवली तर तो गुन्हा नाही. म्हणजे डिस्कची नक्कल करून कपाटात ठेवणं ठीक, ती नऊ मशीनवर चालवणं ठीक नाही.


देवणीचा

माझा अनुभव रिटेलचा, तो कामाला येईल.

मी टेन प्रोचा डबा घेतला होता. २०१८ ला मशीन बदललं. जुन्यावरून काढलं, नव्यावर टाकलं, तर की स्वीकारेना. ऑनलाइन नाही म्हणालं. मग फोनचा मार्ग घेतला. पडद्यावर नऊ रकाने येतात, प्रत्येकात सात अंक, एकूण ६३. ते फोनवर दाबायचे. लाइट गेलेली, कंप्युटर इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टरची बॅटरी जुनी. बायको मोबाइलच्या उजेडात एकेक गठ्ठा वाचतेय आणि मी दाबतोय. पाचव्या रकान्यात ती "सहा सहा एक" म्हणाली, मी "सहा एक एक" दाबलं. तिथनं परत. शेवटी तिकडून मशीनच्या आवाजात प्रश्न आला: ही प्रत किती कंप्युटरवर टाकली आहे? मी एक दाबला, कारण एकाच वर होती. त्यावर तिकडून आठ गठ्ठे मिळाले, सहा-सहा अंकांचे. मुलीनं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. टाकले. झालं. ते पान मी अजून जपून ठेवलंय, खरं तर त्याचा आता उपयोग नाही, तो आकडा त्याच एका टाकण्यापुरता असतो.

सांगायचं ते हे की पहिल्यांदा "नाही" आलं म्हणजे लायसन्स संपलं असं नव्हे. खरेदीचं बिल असेल तर मार्ग निघतो. आता तर त्याहून सोपं झालंय. मशीन बदलायच्या आधी विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून ठेवायचं. मग नव्या बोर्डवर सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनच्या अडचणी सोडवा म्हणून असतं, तिथं "नुकतंच हार्डवेअर बदललंय" निवडलं की जुन्या मशीनचं नाव यादीत दिसतं.


गोदाकाठ_माजलगाव

देवणीकर, तुमचं वाचून मी ताडकन उठलो आणि माळ्यावर चढलो.

माझ्याकडं एक असेंबल्ड मशीन पडून आहे. २०१७ ला केंद्र सुरू केलं तेव्हा त्यासोबत विंडोज टेन प्रोचा डबा घेतला होता, कारण तेव्हाच्या दुकानदारानं, देव त्याचं भलं करो, "भाऊ, सरकारी काम करणार आहेस तर पक्कं घे" म्हणून आग्रह धरला होता. पुढं ब्रँडेड आलं आणि ते मशीन माळ्यावर गेलं. डबा सापडला. उंदरांनी कोपरा कुरतडलाय, पण आतलं कार्ड शाबूत. बिलही डब्यातच होतं, शाई फिकी झालीय पण तारीख वाचता येते.

म्हणजे मी परवापर्यंत समजत होतो की माझ्याकडं एकही लायसन्स नाही.


मांजरापट्टा_लातूर

तुमच्याकडं तीन आहेत भाऊ. लॉटच्या मशीनच्या बोर्डात प्रो. जळालेल्या ब्रँडेडचं होम, तसाच बोर्ड मिळाला तर. आणि हा डबा, जो तुम्ही कुठंही नेऊ शकता.

डब्यातलं आत्ता लॉटच्या मशीनवर वापरू नका, गरज नाही. माळ्यावरचं मशीन एकदा चालू करा, त्यात खातं जोडा, मग त्यावरून की काढून टाका. आज्ञा साधी आहे: एस-एल-एम-जी-आर, एक जागा सोडून तिरकी रेघ, यू-पी-के. मग तो डबा तुमच्या पुढच्या असेंबल्ड मशीनसाठी मोकळा.

कुठलं लायसन्स कुठल्या प्रकारचं हे तपासायचं असेल तर त्याच आज्ञेत यू-पी-केच्या जागी डी-एल-व्ही. खिडकीत चॅनल म्हणून ओळ येते. तिथं ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. सगळ्यांनी आपापल्या मशीनवर एकदा बघाच.


गोदाकाठ_माजलगाव

काल रात्री केलं. आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, पत्रिकांचे फॉन्ट वेगळे काढून ठेवले (ते विसरलो असतो तर गोंधळ होता). इलेव्हन प्रोचा पेनड्राइव्ह लावला. सेटअपनं की विचारलीच नाही. पाऊण तासात पडदा आला. वायफाय जोडलं, सेटिंगमध्ये गेलो, आणि तिथं लिहिलं होतं: डिजिटल लायसन्सनं विंडोज ॲक्टिव्हेट आहे. डिफेंडर चालू. बोटाच्या ठशाचं यंत्र दुसऱ्या प्रयत्नात लागलं. आज सकाळी पहिला उत्पन्नाचा दाखला त्यावरच काढला.

ब्रँडेडच्या अधिकृत सेंटरला बीडला फोन केला. त्याच मॉडेलचा बोर्ड मागवावा लागेल म्हणाले, की लिहून देऊ म्हणाले. खर्च किती ते बघून ठरवतो. जमलं तर ते मशीन पुतणीला देईन, तिची बारावी आहे.

मांजरापट्टा, तुम्ही माझे निदान पाचशे रुपये आणि त्याहून कितीतरी जास्त वाचवलंत. लातूरला आलो की भेटतो.


दुधनाकाठचा

मी वर भांडलो होतो, तरी गप्प बसवेना म्हणून माझ्या लॅपटॉपवर ती डी-एल-व्हीची आज्ञा चालवली. चॅनलच्या ओळीत व्हॉल्यूम केएमएस क्लायंट आलंय. खाली मिनिटांत काहीतरी मुदत आहे, दोन लाख एकोणसाठ हजाराच्या आसपास. मी हा लॅपटॉप वापरलेला घेतला तेव्हा विकणाऱ्यानं "ओरिजिनल विंडोज" म्हणून दीड हजार वेगळे लावले होते. बिल काढून बघितलं, त्यावर विंडोजचा शब्दच नाही. याचा अर्थ मला समजला तोच आहे का?


मांजरापट्टा_लातूर

हो दादा, तोच. २,५९,२०० मिनिटं म्हणजे १८० दिवस. तुम्ही कुठल्या कंपनीत कामाला नाही, म्हणजे तुमच्या लॅपटॉपमध्येच कुणीतरी खोटा सर्व्हर बसवून ठेवलाय आणि तो दर काही दिवसांनी हजेरी लावतो. तुम्ही पैसे दिलेत, पण ज्याला दिलेत त्याचं ते विकायचं नव्हतं.

आता बोर्डातली की बघा. आज्ञा निरोपातून पाठवलीय.


दुधनाकाठचा

निघाली. शेवटची पाच अक्षरं तुम्हाला पाठवलीत. ही होमची आहे का प्रोची, कसं कळायचं? आणि डिफेंडर बघितला, बंद आहे. मला आठवत नाही मी बंद केलेला.


मांजरापट्टा_लातूर

नुसत्या शेवटच्या पाच अक्षरांवरून नेमकं सांगता येत नाही. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर पाठवा, तो मूळ कुठल्या विंडोजवर आला होता ते शोधून सांगतो. सेटअपही स्वतः ओळखतो.

तोपर्यंत त्या लॅपटॉपवर बँकेचं काहीही उघडू नका. फाइली बाहेर काढा, पण प्रोग्रॅम काढू नका, फक्त कागदपत्रं आणि फोटो. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून बदला. सेटअपमध्ये जुने सगळे भाग पुसून कोरी डिस्क करा, वरच्यावर टाकू नका.


गंगाखेडकर_ताई

दुधनाकाठ दादा, तुम्ही सेलूकडचे ना? गंगाखेडला यायचं जमत असेल तर रविवारी या. माझ्याकडं तपासलेला पेनड्राइव्ह आहे आणि बाहेरची डिस्कही आहे. दोन-तीन तासांचं काम. बिल तेवढं सोबत आणा.


दुधनाकाठचा

येतो ताई. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो.